पत्र्यातला करंट

कॉलेजसाठी मी पालघरला आलो ते ऐंशीच्या आसपास. आमचं गाव तारापूरच्या पलीकडे. रोजचं जाणं-येणं जमेना. बस चुकली की प्रॅक्टिकल बुडायचं. वसतिगृहात माझा नंबर लागला नव्हता. मग एका घरमालकाने घरामागे काढलेल्या पत्र्याच्या चार खोल्यांपैकी एक घेतली. भिंती पत्र्याच्या, छप्परही पत्र्याचं. जोडीदार मिळाला तो जव्हारकडच्या एका पाड्यावरचा. त्या पाड्यावरून कॉलेजात आलेला तो पहिलाच.

तो फार बोलायचा नाही. शर्ट धुऊन, घडी घालून अंथरुणाखाली ठेवायचा, म्हणजे सकाळी इस्त्री केल्यासारखा दिसे. बोईसरच्या कुठल्यातरी कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करायची, एवढं त्याचं ठरलेलं होतं. केमिस्ट्रीत तो माझ्यापेक्षा हुशार होता.

पावसाळ्यात पत्र्याला करंट येऊ लागला. छपराखालून गेलेली वायर कुठेतरी सोलली असावी. हात लावला की मुंग्या यायच्या. आम्ही दोघं मालकांकडे गेलो.

"काका, खोलीच्या पत्र्याला करंट येतोय."

"पावसाळ्यात थोडं येतंच रे," ते म्हणाले. "चपला घालत जा."

आम्ही चपला घालू लागलो. पुढेपुढे तर आम्हाला त्याची गंमतच वाटायला लागली. कोणी मित्र आला की मी म्हणायचो, "जरा तो पत्रा धर." तो दचकला की आम्ही पोट धरून हसायचो. दोघेही फिजिक्स शिकत होतो, तरी हसायचो.

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी मी तासाला गेलो. त्याचं प्रॅक्टिकल दुपारी होतं, म्हणून तो कपडे धुवायला थांबला. दुसऱ्या तासाला शेजारच्या खोलीतला मुलगा धापा टाकत वर्गाच्या दारात आला आणि मला खुणावू लागला. आम्ही धावत गेलो. कपडे वाळत घालायची तार पत्र्यातल्या खिळ्याला बांधलेली होती. ओली पँट तारेवर टाकताना त्याने तार धरली होती. पाय अनवाणी, खाली पाणी साचलेलं. कोणीतरी मेन स्विच बंद केला होता, पण तोवर उशीर झाला होता. त्याची पँट अजून तारेवर लोंबत होती.

हवालदार आले. त्यांनी मला विचारलं, "आधी कधी करंट यायचा का?"

मालक समोरच उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. मी म्हणालो, "लक्षात नाही."

संध्याकाळी त्याचे वडील आले, पाड्यावरची दोन माणसं घेऊन. सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर ते उकिडवे बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "पोरा, तू त्याचे संगं राहायचा ना? कसा झाला रं?"

त्यांना मात्र मी सगळं सांगितलं. करंट येतो हे आम्हाला माहीत होतं, हेही. ते एवढंच म्हणाले, "घरी आला तवा बोलला नाय. सांगला असता तं मी नेला असता त्याला."

दुसऱ्या दिवशी मी फिजिक्सच्या सरांच्या घरी गेलो. रडत रडत सांगितलं. चहासुद्धा अर्धा ठेवून ते माझ्याबरोबर चौकीवर आले.

"काल तर म्हणालास, लक्षात नाही," हवालदार म्हणाले.

"काल खोटं बोललो."

त्यांनी सरांकडे पाहिलं आणि नवा कागद घेतला.

सोमवारी कॉलेजच्या पटांगणात सगळे जमले. प्राचार्यांनी भाषण लिहून आणलं होतं. दोन ओळी वाचल्या आणि कागद खिशात घातला. तेव्हा फिजिक्सचे सर पुढे आले. त्यांच्या हातात टेस्टर होता. "ज्यांच्या खोल्या भाड्याच्या आहेत, ते सगळे चला, मला खोली दाखवा," म्हणाले. मुलं त्यांच्यामागे निघाली. शनिवारपर्यंत त्याचं नावही माहीत नसलेली मुलं होती त्यांत. पावसात आम्ही गल्लोगल्ली हिंडलो. एका ठिकाणी नळाला करंट, एका ठिकाणी दाराच्या कडीला. टेस्टरमधला दिवा लागला की मागची कुजबुज थांबायची. एका मालकाने आम्हाला दारातूनच हाकललं. सर तिथेच उभे राहिले आणि आतल्या मुलांना म्हणाले, "सामान घ्या, बाहेर या."

ती मुलं आणि मी, आम्ही सगळे ते सत्र संपेपर्यंत कॉलेजच्या एका वर्गात बाकं सरकवून झोपलो. केसचं पुढे काय झालं ते मला कधीच नीट कळलं नाही. पुढच्या जूनला त्या खोल्यांत दुसरी मुलं राहायला आली. वायर तेवढी नवी होती.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्याची पत्र्याची पेटी पोचवायला पाड्यावर गेलो. भात कापून झालं होतं. त्याच्या आईने पेटी उघडली नाही, कोपऱ्यात ठेवली. मला वाटलं, ती त्या दिवसाबद्दल विचारेल. मी उत्तरं जुळवत बसलो होतो.

तिने विचारलं, "तिकडं काय खायाचा तो?"

मी सांगितलं. सकाळी चहा-पाव. दुपारी खिचडी. रविवारी सातपाटीच्या मासळीवाल्या मावशीकडून सुके बोंबील आणायचो, ते तो स्टोव्हवर भाजायचा. पहिल्यांदा त्याला वास सहन झाला नव्हता, मग माझ्या वाटणीचेही खाऊ लागला.

"पोट भरून?"

"हो. पोट भरून."

ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "परत सांग."