स्वेटरची भिंत

माझे धाकटे दीर गेली एकतीस वर्षं एकाच कपड्यांच्या दुकानात एकच काम करतात, आणि ते काम काय आहे हे पाहुण्यांना समजावून सांगताना माझी दमछाक होते. ऋतू बदलला की दुकानाची मोठी भिंत बदलायची, हे ते काम. बारा फळ्या, दारापासून पार आतल्या टोकापर्यंत. उन्हाळा सरला की सुती कपडे माळ्यावर आणि स्वेटर खाली, थंडी सरली की उलट. "म्हणजे घड्या घालतात का?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. घड्या मी घालते, त्याच दुकानात. भावजी भिंत आखतात. दुकानात त्यांना सगळे भिंतवालेच म्हणतात, अगदी मालकीणबाईसुद्धा.

लग्न केलं नाही, राहतात आमच्याकडेच. ऋतू बदलायच्या महिनाभर आधी आमच्या जेवणाच्या टेबलावर चौकटींचा कागद पसरतो आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. एक चौकट म्हणजे एक घडी. फिकट रंग दाराजवळ, मग गडद होत होत शेवटी काळा. नुसतं डोकवायला आलेलं माणूस त्या रंगांच्या मागे मागे आपसूक आत जातं म्हणे. ऐकलं तेव्हा मी हसले होते. मग एकदा दाराशी उभी राहून पाहिलं, तर खरंच जातात की लोक!

मागच्या थंडीची भिंत लावायची होती तेव्हाची ही गोष्ट. सुट्टीचा वार, दुकान बंद, आणि संध्याकाळी पाचला मालकीणबाई भिंत बघायला येणार. मी सकाळभर वरच्या मजल्यावर बटणं तपासत होते. दुपारी खाली आले आणि कपाळावर हात मारून घेतला. काळ्यांच्या रांगेत मधेच गडद निळे. पांढऱ्यांत साय रंगाचे, त्यांत पुन्हा लिंबू रंगाचे. कुणीतरी डोळे मिटून पत्ते वाटावेत तसा सगळा प्रकार.

माझं तोंड सुटलं. माझ्याबरोबर घड्या घालणाऱ्या दोन मुलींसमोर सुटलं, याचं मला आजही वाईट वाटतं. लक्ष कुठे आहे, झोप झाली नाही का, एकतीस वर्षं काय केलंत, जे तोंडाला येईल ते बोलले. भावजींनी मोजपट्टी खिशात घातली, "तुम्हीच लावा, वहिनी," म्हणाले आणि मागच्या जिन्याकडे निघून गेले. भिंतीला दुसऱ्याचं बोट लागलेलं ज्यांना खपत नाही, ते म्हणतात तुम्हीच लावा?

मग त्या मुलींमधली मोठी हळूच जवळ येऊन सांगायला लागली. गेल्या वर्षापासून भिंतवाले चहाला गेले की त्या दोघी रंग नीट करून ठेवत होत्या. पूर्वी खोक्यांवर रंगाचं नाव ठळक छापलेलं असायचं, ते वाचून भावजी निभावून नेत होते. यंदा सगळे रंग एकाच खोक्यात आले, नाव नाही नि काही नाही, आणि घोळ एवढा झाला की चहाच्या वेळात निस्तरेना. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, तुमची भीती वाटते. घ्या!

मी एक निळा स्वेटर घेतला, एक काळा घेतला आणि जिन्यावर गेले. भावजी पायरीवर बसले होते. दोन्ही स्वेटर त्यांच्या मांडीवर ठेवले आणि विचारलं, यातला काळा कोणता? ते उठले, खिडकीपाशी गेले, दोन्ही उजेडात धरले, उलटेसुलटे केले. आणि परत आणून माझ्या हातात दिले.

"तुम्हीच सांगा," म्हणाले.

मी तिथेच बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपासून धूसर दिसत होतं, रंग मळल्यासारखे वाटत होते. आमच्या सासऱ्यांची नजर साठीच्या आत गेली ती परत आलीच नाही. आपलंही तेच चाललंय, असं भावजींनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. डॉक्टरकडे जाऊन ते ऐकायचं कशाला? नजर गेली की भिंत गेली, आणि भिंतीशिवाय आपल्याला दुसरं येतं काय, असं म्हणाले. दादाला सांगू नका म्हणून हात जोडले. मी बरं म्हटलं आणि घरी पोचताच ह्यांना सांगून टाकलं. असली गुपितं मला पचत नाहीत.

भिंत त्या दिवशी आम्ही तिघींनी त्यांच्या कागदाबरहुकूम लावली. मालकीणबाई खूश होऊन गेल्या. भावजी मान खाली घालून उभे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी त्यांना जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं. भावजींचा गुडघा सारखा हलत होता आणि आमचे हे तेच ते जुनं वर्तमानपत्र चौथ्यांदा वाचत होते. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. तिने तपासलं, काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलाय.

भावजींनी विचारलं, "गेलेली नजर परत येते?"

"त्यासाठीच तर काढतात, काका."

खात्री पटेना म्हणून त्यांनी आणखी दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा न कंटाळता तेच सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याबरोबर असा संताप आला म्हणून सांगू! दोन वर्षं हा माणूस मनातल्या मनात आंधळा होऊन बसला होता, अर्ध्या तासाच्या कामासाठी. रस्ताभर मी त्यांना झाडलं. ते हसत होते आणि रुमालाने डोळे पुसत होते. थेंबांमुळे पाणी येतंय म्हणाले. ह्यांचे डोळे कशाने ओले होते ते मी विचारलं नाही.

महिन्याच्या अंतराने दोन्ही डोळे झाले. तेवढ्यात थंडी सरली, सुती भिंत लावायची वेळ आली. डॉक्टरीणबाईने वजन उचलायला मनाई केली होती, म्हणून भावजींनी कागद आखला आणि खोकी आम्ही उपसली. या खेपेला मी जीव ओतून लावली. चार वेळा लांब जाऊन बघितलं. हिरव्यांची रांग तर अशी जमली होती की मलाच माझं कौतुक वाटलं.

भावजी दारातून आत आले. एकेक फळी बघत सावकाश चालत गेले. हिरव्यांपाशी थांबले.

"हे दोन हिरवे आहेत."

एकच आहे, मी म्हटलं. घडीवाल्यांनीही एकच म्हटलं. त्यांनी वरचा एक सदरा काढला, खालचा एक काढला आणि दोन्ही माझ्यासमोर दारातल्या उजेडात धरले. आणि काय सांगू, दोन होते! एकात कणभर पिवळा जास्त. आम्हा तिघींच्या धडधाकट डोळ्यांना सकाळपासून दिसला नव्हता.

"वहिनी," ते अगदी गंभीर तोंड करून म्हणाले, "डोळे तपासून घ्या एकदा."

मुली तोंडावर हात ठेवून खिदळल्या. एरवी मी कुणाचं ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी मात्र निमूटपणे अख्खी रांग उतरवली आणि पहिल्यापासून लावायला घेतली. चूक काढली म्हणून एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.