चौकशी केली, आढळून आले नाहीत

टपालदादांना माणसाचं नाव एक वेळ आठवायचं नाही, पण पत्ता ते विसरायचे नाहीत. टपाल कार्यालयात चौतीस वर्षं पत्रांची छाननी केलेला माणूस. रस्त्यात कुणी नमस्कार केला की हे डोळे बारीक करून म्हणणार, "सत्तावीस ब, मागचा जिना. बरोबर?" समोरचा खूश व्हायचा आणि दादांची छाती दोन इंच फुगायची. मात्र एक गोष्ट त्यांनी स्वतःशीही कधी कबूल केली नव्हती. त्या चौतीस वर्षांत त्यांनी एकही पत्र कुणाच्या दारात नेऊन दिलं नव्हतं. दारात जायचं काम पोस्टमनचं. हे खुर्चीत बसायचे आणि शहर त्यांच्यासमोरच्या खणांत येऊन पडायचं.

निवृत्त झाल्यावर असा माणूस पक्षाच्या जिल्हा समितीने अलगद उचलला. जिल्हा समिती म्हणजे भाषणं ठोकणारी मंडळी, असं ज्यांना वाटतं त्यांनी निवडणुकीच्या तोंडावर तिथे एक दिवस बसून पाहावं. भाषणवाले गाडीतून येतात आणि गाडीतून जातात. समिती म्हणजे छापखान्यावरच्या दोन खोल्या, एक डगमगतं टेबल आणि सतत गरम होणारं झेरॉक्स मशीन. उमेदवारीसाठी इथून वर तीन नावं जातात आणि वरून चौथंच परत येतं. त्यावर दोन दिवस रुसवेफुगवे होतात आणि मग सगळे निमूटपणे कामाला लागतात. कुठल्या केंद्रावर आपला प्रतिनिधी कोण बसणार, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणायला गाडी कुणाची, हे सगळं त्या डगमगत्या टेबलावर ठरतं. आणि सगळ्यात महत्त्वाची असते मतदार यादी. ती दादांकडे होती.

यादीतला जो मतदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही त्याच्यावर हरकत घ्यायची, हाही समितीच्या कामाचा एक भाग. त्यासाठी एक फॉर्म असतो. त्यावर खाली छापलेलंच असतं : 'मी स्वतः जाऊन चौकशी केली, सदर व्यक्ती आढळून आली नाही.' त्याखाली सही. या कामासाठी कार्यकर्त्यांनी उन्हातान्हात दारोदार फिरावं अशी अपेक्षा. दादांना फिरायची काय गरज? शहर त्यांना तोंडपाठ.

हरकती द्यायच्या शेवटच्या दिवशी जिल्हाध्यक्षांचे दुपारपर्यंत तीन फोन आले. "दादा, बाकीच्या विभागांचं सगळं आलं. तुमचंच राहिलंय. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." एवढं बोलणं दादांना झोंबायला पुरेसं होतं. त्यांनी यादी पुढे ओढली. गिरणीमागची तीन मजली जुनी इमारत पाडल्याचं त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलं होतं. इमारतच नाही तर माणसं कुठली? त्यांनी पट्टी घेतली आणि तिथल्या बेचाळीस नावांवर एकेक रेघ ओढायला सुरुवात केली.

तेराव्या नावाशी पट्टी थांबली. ते त्यांच्या ताईचं नाव होतं.

ही ताई म्हणजे आई गेल्यावर त्यांना वाढवणारी थोरली बहीण. शाळेचे गणवेश शिवून तिने यांना शिकवलं, नोकरीच्या परीक्षेला पाठवताना स्वतःच्या हाताने शर्ट शिवून दिला. ताई त्या इमारतीत राहत होती, हे दादांना माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? इमारत पाडणार म्हणून तिचा फोन आला होता. तिने सगळं सविस्तर सांगितलं होतं. हे तेव्हा केंद्रांची वाटणी करत होते आणि 'हो हो, बरं बरं' म्हणत होते. ती लेकीकडे गेली असणार, असं त्यांनी मनाशीच ठरवून टाकलं. आणि इथे त्यांना एक भारी विचार सुचला : बहिणीचं एकटीचं नाव ठेवलं तर लोक काय म्हणतील? आपल्याला नियम सगळ्यांना सारखा. त्यांनी तेही नाव खोडलं, बेचाळीस सह्या ठोकल्या आणि स्वतःच्या सचोटीवर खूश होऊन चहा मागवला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "ताईंना कळवलंत का?"

"करतो फोन," दादा म्हणाले. केला नाही.

सरकारी कार्यालयाने बेचाळीस जणांना त्याच पत्त्यावर नोटिसा पाठवल्या. पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावर गेलेल्या पत्राचं काय होतं, हे दादांपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? सगळ्या नोटिसा परत आल्या आणि नावं गेली.

मतदानाच्या दिवशी दादा केंद्रात पक्षाचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. तिथे प्रतिनिधीचं काम एकच, आलेला मतदार तोच आहे ना, हे ओळखायचं. सव्वाआठ वाजता ताई आली. धुतलेली सुती साडी, हातात पिशवी. भावाला पाहून ती हसली आणि तिने आपलं ओळखपत्र पुढे केलं. केंद्राध्यक्षांनी यादीवर बोट फिरवलं.

"बाई, तुमचं नाव वगळलंय. तुम्ही तिथे राहत नाही, असं कुणीतरी लिहून दिलंय."

"राहत नाही कशी? त्याच आवारात मागे पत्र्याच्या खोल्या दिल्यात आम्हाला, नवीन इमारत होईपर्यंत. सगळेच आहोत तिथे. कुणी दिलं लिहून?"

"ते इथे नसतं. कार्यालयात विचारा."

ताई भावाकडे वळली. "अरे, तू सांग ना यांना. तू ओळखतोस ना मला?"

"ओळखतो," दादा म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "ओळखतो. माझी बहीण आहे."

"ओळखीने काही होत नाही, साहेब," केंद्राध्यक्ष म्हणाले. ते बरोबरच होतं.

मीच लिहून दिलं, एवढे तीन शब्द होते. दादा समोरचे कागद सरळ करत राहिले. त्यांचा चेहरा पाहून ताईलाच वाईट वाटलं. "जाऊ दे. तू नको वाद घालू, तुझ्या कामाच्या जागी," असं म्हणून ती बाहेर गेली. मग दुपारपर्यंत मागच्या खोल्यांतली माणसं एकेक करून येत राहिली आणि परत जात राहिली. बाहेर ताई त्यांना समजावत होती, ते आत ऐकू येत होतं. "माझा भाऊ आहे आत. तो बोलतोय तुमच्यासाठी." दादांनी दिवसभर पाण्याचा घोटही घेतला नाही. घ्यावासाच वाटला नाही.

त्या विभागात पक्ष एकोणीस मतांनी जिंकला.

समितीत आनंदीआनंद झाला. जिल्हाध्यक्षांनी सगळ्यांसमोर दादांच्या पाठीवर थाप मारली. "गिरणीमागचे सगळे पहिल्यापासून आपल्या विरोधात. दादांनी एका पट्टीत साफ केले. आणि सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही! याला म्हणतात निष्ठा."

सगळे हसले. दादांना सांगायचं होतं की मी तसं काही केलं नाही, मी फक्त जाऊन पाहिलं नाही. पण कुणासमोर सांगणार? डाव खेळला असं मानणारे त्यांना हुशार म्हणत होते. खरं सांगितलं असतं तर ते आळशी ठरले असते. आणि लाज अशी की क्षणभर त्यांना हुशार ठरणंच बरं वाटलं. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली. चप्पल घालून ते तिथून निघाले आणि थेट गिरणीमागे गेले.

आवारात सिमेंटच्या गोण्यांमागे पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा होत्या. प्रत्येक दारावर खडूने जुन्याच खोलीचा नंबर लिहिलेला. तेरा नंबरच्या दारात ताई एका गणवेशाला बटणं लावत बसली होती.

"ताई, ते मी केलं," उभ्या उभ्याच दादा म्हणाले. "हरकत माझी होती."

तिने दोरा तोडला. "माहीत आहे. परवा कार्यालयात जाऊन पाहिलं मी. सही ओळखू येते मला तुझी."

"मग काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? नाव खोडलंस, ते खोडलंस. माणूस चुकतो. पण त्यावर लिहिलंय की स्वतः जाऊन चौकशी केली." तिने चष्मा काढला. "कधी केलीस रे चौकशी? दीड वर्ष झालं तुझे पाय माझ्या घराला लागून. माझी जाऊ दे, इथल्या एकाची तरी केलीस?"

दादा रडले असते तर ताईने जवळ घेतलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते रडलेही नाहीत. खाली मान घालून उभे राहिले.

"मी कुणाला सांगितलेलं नाही," ताई म्हणाली. "सांगणारही नाही. ते तू सांगायचं." तिने गणवेश बाजूला ठेवला आणि उठून चपला घातल्या. "चल. मी आहे बरोबर."

शेजारचं दार लेथवर काम करणाऱ्या एका टकल्या माणसाने उघडलं. ताईला पाहून तो हसला, मग दादांना पाहून जास्तच हसला. "या, या. त्या दिवशी तुम्ही आत आमच्यासाठी बोलत होता म्हणे. खूप केलंत."

ताईने मान दुसरीकडे वळवली.

"नाही," दादा म्हणाले. "मी बोललो नाही. तुमचं नाव मीच काढलं. इथे कोणी राहत नाही असं लिहून दिलं. बघायलाही आलो नव्हतो."

त्या माणसाचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. मग त्याने आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. आपल्यावर लिहून देणारे आलेत."

बायको हात पुसत आली. दादांनी तिला पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या खेपेला आवाज आणखी खाली गेला होता.

"जरा मोठ्याने सांगा," ती म्हणाली. "आत सासूबाई आहेत, त्यांना कमी ऐकू येतं. त्यांचंही नाव होतं."