राजेंद्रभाऊंची अठरा अंशांची खोली

राजेंद्र ओव्हाळ यांचं सगळं आयुष्य गार करण्यात गेलं. विशीत असताना ते लोणावळ्याच्या एका बर्फ कारखान्यात लागले. मिठाच्या गार पाण्यात लोखंडी डबे बुडवलेले असत आणि त्या डब्यांत बर्फाच्या लाद्या तयार होत. लादी सुटी करायला डबा जरा वेळ साध्या पाण्यात धरावा लागतो. जास्त धरला तर लादी झिजते, कमी धरला तर सुटत नाही. हे त्यांना तिथल्या भिमाजी आबांनी हात धरून शिकवलं. पुढे हॉटेलांनी स्वतःची बर्फाची मशिनं घेतली आणि कारखाना बंद पडला. मग राजेंद्रभाऊ स्कूटरवर हत्यारांची पिशवी अडकवून तुंगार्लीच्या बंगल्यांमधले एसी दुरुस्त करत फिरले. मालक शनिवारी मुंबईहून येणार म्हणून शुक्रवारी दुपारीच रिकामा बंगला गार करून ठेवायचा, अशीही कामं त्यांनी केली.

वयाच्या पंचेचाळिशीत त्यांना नवलाख उंबऱ्याजवळच्या एका डेटा सेंटरमध्ये नोकरी लागली. आपल्या फोनमधले फोटो, बँकेचे व्यवहार, दुकानांच्या ऑर्डरी हे सगळं शेवटी कुठेतरी यंत्रांमध्ये साठवलेलं असतं. ती यंत्रं, म्हणजे सर्व्हर, ठेवण्याची ही जागा. निरनिराळ्या कंपन्यांचे सर्व्हर तिथल्या मोठ्या हॉलमध्ये लोखंडी कपाटांमध्ये ओळीने लावलेले असतात. ते दिवसरात्र चालतात आणि तापतात. त्यांना गार ठेवणारी मोठी यंत्रं, म्हणजे चिलर, शिवाय पंप आणि पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर टाकणारे गच्चीवरचे टॉवर सांभाळायचं काम राजेंद्रभाऊंकडे आलं.

ते बेगडेवाडीला राहतात, आमच्याच गल्लीत. नोकरी लागली तेव्हा त्यांच्या चालण्यात झालेला फरक मी पाहिला आहे. गळ्यात ओळखपत्र असायचं आणि कोणीही विचारलं की सांगायचे, "आमच्या हॉलमधी बारा म्हयने अठरा अंश. बाहेर मे म्हयना का आसंना." त्यांच्या पत्नी शालनवहिनी त्यांना मे महिन्यातही डब्याच्या पिशवीत स्वेटर घालून द्यायच्या.

अठरा हा आकडा कोणी ठरवला होता, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. हॉल सुरू झाला तेव्हापासून तो तसाच होता. पारा कधी एकोणिसाकडे सरकला तर राजेंद्रभाऊंना बेचैन व्हायचं. आपल्या पाळीत काटा हलला नाही, यातच त्यांचा मान होता.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत चैताली मॅडम आल्या. तिशीच्या, पिंपरीत वाढलेल्या, इंजिनीअर. कंपनीच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने करार पुढे चालू ठेवण्याआधी विचारलं होतं, की आमचे सर्व्हर चालवायला तुम्ही किती वीज आणि किती पाणी वापरता, आणि ते कमी कधी करणार? शिवाय उन्हाळ्यात टॉवरसाठी पाण्याचे टँकर यायला लागले की आसपासच्या वाड्यांमधून कुरकुर सुरू व्हायची. हे सगळं आवरायला मॅडमना नेमलं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाळीतल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आपण हॉलचं तापमान वाढवणार आहोत. हळूहळू, पंचविसापर्यंत."

राजेंद्रभाऊंना वाटलं, मॅडमची बोलताना चूक झाली.

"कमी करनार म्हंता का?"

"नाही भाऊ, वाढवणार. हे सर्व्हर सत्तावीस अंशांपर्यंतची हवा आरामात सोसतात. बनवणाऱ्यांनीच तसं लिहून दिलंय. आपण उगाच जास्त गार करतोय. त्यात वीज जाते आणि टॉवरचं पाणीही."

घरी आल्यावर राजेंद्रभाऊंना जेवण गेलं नाही.

"पंचवीस म्हंजी काय गार झालं व्हय?" ते शालनवहिनींना म्हणाले. "मंग मला ठिवलंय कशाला? खिडक्या उघडा म्हनावं."

"आवो, मशीन त्यांची, मालक त्ये. तुमी कशापायी जीव जाळता?"

"माजं काम हाय त्ये."

रविवारी ते मळवलीच्या बाजूला भिमाजी आबांकडे गेले. आबा आता ऐंशीच्या पुढचे आहेत. अंगणात बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि ठामपणे सांगितलं, "गार त्ये गारच बरं. गार ठिवल्यानं कुनाचं नुस्कान झाल्यालं म्या न्हाई बगितलं." राजेंद्रभाऊंना हेच ऐकायचं होतं. ते समाधानाने परतले.

कामावर तापमान एकेक अंशाने चढायला लागलं. वीस झालं, एकवीस झालं. राजेंद्रभाऊ पाळीवर आले की पहिल्यांदा हॉलमध्ये जाऊन उभे राहायचे. अंगाला कळायचं. मग एका संध्याकाळी, मॅडम घरी गेल्यावर, त्यांनी बटणांच्या पॅनलपाशी जाऊन तापमान पुन्हा अठरावर आणलं आणि पाळी संपताना होतं तसं करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तसं करताना आपण चोरी करतोय असं वाटलं नाही का, असं मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, "न्हाई. मला वाटायचं, मी वाचवतोय."

चौथ्या की पाचव्या दिवशी मॅडम स्टेशनपर्यंत जाऊन माघारी आल्या. फोन टेबलावरच राहिला होता. पॅनलच्या खोलीचं दार उघडं होतं आणि राजेंद्रभाऊंचं बोट बटणावर होतं.

मॅडमनी विचारलं, "रोज करता?"

"व्हय."

"का?"

राजेंद्रभाऊंनी पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. पण ते एवढंच म्हणाले, "मॅडम, काय जळलं तर लोक मला विचारनार. गार तू करत हुतास ना, म्हननार."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. त्या चिडल्या होत्या, हे राजेंद्रभाऊंना त्यांच्या आवाजावरून कळत होतं. "मी तुमची तक्रार करू शकते. करणार नाही, पण एका अटीवर. तुम्ही अठरा अंशांची हवा सोडता ना, ती जाते कुठे, ते मला दाखवा. उद्या, माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी दोघं हॉलमध्ये गेले. हवा डोळ्यांना दिसत नाही. राजेंद्रभाऊ म्हणाले, अगरबत्ती लावली की वारा कळतो. मॅडम घाईने म्हणाल्या, "अहो, धूर दिसला की इथे आग विझवायचा गॅस सुटेल!" मग शालनवहिनींच्या शिवणाच्या डब्यातला रेशमी दोरा आला. तो एका प्लास्टिकच्या पट्टीला बांधून राजेंद्रभाऊ ओळीओळीने फिरले.

गार हवा जमिनीतल्या जाळ्यांमधून वर येते. ती कपाटांच्या पुढून आत शिरून, सर्व्हरांमधून जाऊन, गरम होऊन मागे निघाली पाहिजे. पण पहिल्याच कपाटात सर्व्हर काढलेल्या रिकाम्या खणापाशी दोरा आडवा झाला. गार हवा कशालाही गार न करता सरळ मागे चालली होती. दुसऱ्या कपाटात तेच. वरून तर उलटंच होतं, मागची गरम हवा कपाटांवरून पुढे उतरत होती. फरशीत तारांसाठी पाडलेल्या भोकांमधून थंडी सुसाट बाहेर पडत होती, जिथे एकही यंत्र नव्हतं.

राजेंद्रभाऊ एका भोकावर तळवा धरून बराच वेळ उकिडवे बसले.

"हे सगळं मी केल्यालं गार हाय," ते म्हणाले. "आन् कुनालाच मिळत न्हाई."

"म्हणून तर अठरा लागत होतं," मॅडम म्हणाल्या. "अर्धी हवा वाया जाते, म्हणून दुप्पट करायची. मला आकड्यांवरून शंका होती. पण नक्की कुठून जाते, हे नव्हतं कळत."

त्यानंतरचे दोन महिने भोकं बुजवण्यात गेले. रिकाम्या खणांना पत्र्याच्या पट्ट्या बसल्या. फरशीच्या भोकांना ब्रश लावलेली झाकणं आली. गार हवेच्या गल्ल्यांना दोन्ही टोकांना जाड प्लास्टिकचे पडदे लागले आणि वरून छत आलं. राजेंद्रभाऊ प्रत्येक पट्टीनंतर दोरा धरून पाहायचे. दोरा सरळ लोंबला की पुढे जायचे. तापमान तेवीसवर गेलं आणि सर्व्हरांच्या तोंडाशी येणारी हवा आधीपेक्षा बरी निघाली. बटणाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

मग मॅडमनी दुसरं काम काढलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं, की यातलं कोणतं यंत्र खरोखर वापरात आहे? उत्तरं यायला वेळ लागला. कित्येकांना आपलं तिथे काय आहे हेच ठाऊक नव्हतं. एका कोपऱ्यातलं अख्खं कपाट सवलतीची कुपनं विकणाऱ्या एका व्यवसायाचं होतं. तो व्यवसाय केव्हाच बंद झाला होता. ज्या मोठ्या कंपनीने तो विकत घेतला होता ती भाडं भरत राहिली होती आणि यंत्रं चालत राहिली होती. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं, ती कोणाला काही सांगत नव्हती. फक्त तापत होती.

हे कळलं त्या दिवशी राजेंद्रभाऊ कॅन्टीनमध्ये चहा समोर ठेवून बसले होते. मॅडम तिथे आल्या.

"तीन उन्हाळं मी त्या कपाटाला जपलं," ते म्हणाले. "त्याच्या म्होरं उबं ऱ्हाऊन बगायचो, हवा नीट येती का. आन् आत कुनीच नव्हतं."

मॅडमनी स्वतःचा चहा आणला आणि समोर बसल्या.

ते कपाट बंद केलं तेव्हा वायर काढायला राजेंद्रभाऊच गेले. त्यातले चांगले भाग दुसऱ्या यंत्रांसाठी काढून घेतले, काही सर्व्हर आतली माहिती पुसून पुन्हा वापरायला दिले, आणि उरलेलं जुनी यंत्रं मोडणाऱ्या परवानाधारक कारखान्याकडे गेलं, भंगारवाल्याकडे नाही. आणखी एक नियम झाला. नुसती मुदत संपली म्हणून चालतं यंत्र बदलायचं नाही, आधी तपासायचं. खरेदी खात्याला तो फारसा आवडला नाही, पण टिकला.

मे महिन्यात तापमान पंचवीसवर आलं. त्यातल्या एका रविवारी दुपारी राजेंद्रभाऊ पाळीवर होते. एका कपाटाचा इशारा वाजला. आतली हवा बत्तीस अंश, आणि चढती. पॅनल हाताशी होतं. सगळा हॉल खाली आणायचा, की प्रश्न मिटला. त्यांनी मॅडमना फोन लावला.

"कमी करू का?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तिथे आहात, मी नाही. तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा. मी जबाबदारी घेते."

राजेंद्रभाऊ पॅनलकडे गेले नाहीत. दोरा घेऊन हॉलमध्ये गेले. शेजारची कपाटं व्यवस्थित होती. या एकाच कपाटासमोर दोरा उलटा, त्यांच्या अंगावर येत होता. पुढून हवा आत जायच्याऐवजी गरम हवा बाहेर येत होती. आदल्या दिवशी गिऱ्हाइकाच्या माणसाने नेटवर्कची एक पेटी बसवली होती. ती उलट्या तोंडाने बसली होती आणि आपली गरम हवा गार गल्लीत फेकत होती. राजेंद्रभाऊंनी पत्र्याचा आडोसा लावून ती हवा तात्पुरती मागे वळवली आणि गिऱ्हाइकाच्या माणसाला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. आकडा एकतीस झाला, तीस झाला, मग भराभर उतरला. बाकीच्या हॉलला काही कळलंसुद्धा नाही.

"आज पॅनलला हात लावला न्हाई म्या," त्यांनी घरी सांगितलं. शालनवहिनी विहारातल्या बायकांच्या बैठकीला निघाल्या होत्या. त्या दारातून परत फिरल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या.

त्या उन्हाळ्यात एक चिलर पूर्ण बंद ठेवता आला. टँकर आले, पण मोजकेच. ज्या गिऱ्हाइकाने विचारणा केली होती त्याने करार वाढवला. हे चांगलं झालं. पण चिलर कमी झाला तशी माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराने पाळीतली एक जागाही कमी केली आणि सत्यम नावाच्या मदतनिसाला जावं लागलं. त्याला नंतर तळेगावच्या एका कारखान्यात काम मिळालं, तरी राजेंद्रभाऊंना ते लागून राहिलं. त्यांनी मॅडमना तसं तोंडावर सांगितलं. "वीज वाचली, पानी वाचलं. मानूस कशाला वाचला न्हाई?" मॅडमनी ठेकेदाराशी भांडून पत्र लिहून घेतलं, की यापुढे बचतीमुळे जागा कमी होणार नाही. सत्यमला त्याचा उपयोग झाला नाही.

आता शेजारच्या जागेत दुसरा हॉल उभा राहतोय, पहिल्यापेक्षा मोठा. सर्व्हरांना मागणी वाढली आहे. वाचलेली वीज त्यात पुन्हा खर्च होणार हे राजेंद्रभाऊंनी बोटांवर मांडलं आणि मॅडमना विचारलं, "मंग आपुन केलं काय?"

"जुन्या पद्धतीने बांधला असता तर याहून पुष्कळ जास्त लागली असती," मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण तुम्ही विचारलं ते बरोबर आहे. एकूण वाढणारच आहे. काय काय साठवायचं आणि किती दिवस, हे गिऱ्हाइकांना विचारायला मी सुरुवात केलीय. अजून कोणी धड उत्तर देत नाही."

नव्या हॉलमध्ये थंडीच्या दिवसांत चिलर न लावता बाहेरच्या गारव्यावरच भागवायची सोय आहे. मावळातली थंडी कामाला येणार, यावर राजेंद्रभाऊ खूश आहेत. त्यांच्या निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत आणि कंपनीने त्यांना बांधकामाच्या जागेवर देखरेखीला पाठवलं आहे. परवा मी त्यांना डबा द्यायला गेलो, कारण शालनवहिनी माहेरी गेल्या होत्या. भाऊ शिडीवर होते. छताखालून गार हवा नेणाऱ्या पन्हळीत दोन पत्र्यांमध्ये बोटभर फट राहिली होती, आणि बांधकामाच्या ठेकेदाराचा माणूस म्हणत होता की वरून रंग आला की दिसणार नाही.

"रंगाचं सांगू नको," राजेंद्रभाऊ वरून म्हणाले. "ही फट बुजव, मंगच मी खाली उतरतो."

त्या माणसाने पत्रा आणायला कोणाला तरी पाठवलं. मी डबा शिडीपाशी ठेवून निघालो.