पेडलवरचा पाय

आमच्या बालाघाटच्या घरी गाडी चालवायची ती फक्त सासऱ्यांनी, असा दंडक होता. बायकांना ड्रायव्हरच्या जागी बसायला मिळे ते एकाच कामासाठी, ब्रेकमधली हवा काढताना. तेव्हा गाडी अर्थातच उभी असे.

ती जुनी मोटार सासऱ्यांनी सरकारी नोकरीत असताना घेतली होती. पुढचं सीट बाकासारखं अखंड, गिअर स्टिअरिंगलाच. मिस्त्री लोकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मिस्त्री एक पेच कसतो आणि दोन ढिले करून ठेवतो, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे ब्रेक गादीसारखा मऊ लागायला लागला की ते जुनी बंडी घालून चाकाशी आडवे होत. आणि मी लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, पेडलवर पाय माझा असे.

काम सोपं होतं. ते खालून "दाब" म्हणत. मी तीनदा पेडल मारून चौथ्यांदा दाबून धरायचं आणि "दाबलं" असं ओरडून सांगायचं. मग ते चाकामागची हवा सोडायची निपल पान्यानं सैल करत. रबरी नळीतून तेल आणि हवेचे बुडबुडे टॉनिकच्या बाटलीत उतरत आणि माझं पेडल तळाला जाई. निपल पुन्हा कसून ते "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा उलटी आत शिरते, की पहिले पाढे पंचावन्न.

त्या जूनमध्ये मला मलाजखंडच्या खाणीच्या वसाहतीतल्या शाळेत मुलाखतीला बोलावलं होतं. विज्ञान शिकवायची जागा, दुपारी तीनची वेळ. बी.एस्सी. होऊन मी पोळ्या लाटत होते आणि नवरा सर्व्हेच्या कामावर महिन्यातले वीस दिवस बाहेर. ती नोकरी मला इतकी हवी होती की आलेलं पत्र मी उशीच्या अभ्र्यात घालून झोपत होते. सासऱ्यांनी नाही म्हटलं नाही. उलट म्हणाले, आपल्या घरची सून बसमध्ये धक्के खात जाणार नाही, मीच गाडीनं नेतो. आता बसचं नाव काढावं तर त्यांचा अपमान. शिवाय बैहरकडे घाट लागतो, तेव्हा आधी ब्रेक धड हवेत, हेही त्यांचं बरोबरच होतं. कुणी वाईट वागलं असतं तर मी भांडले तरी असते.

सकाळी सातला सुरुवात झाली. मी मुलाखतीची साडी नेसूनच बसले होते. नऊ वाजले तरी मागचं डावं चाकच चाललेलं. बुडबुडे काही संपेनात. साडीची इस्त्री घामानं गेली, मांडी थरथरायला लागली आणि डोकं तापलं. साडेदहाची बस चुकली तर तीनच्या आत पोचवणारी दुसरी बस नव्हती.

एरवी दुपारपर्यंत कसंतरी जमून जाई. मलाही कुठे जायचं नसे, म्हणून ते काय करतात हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. बाटली भरत आली की ते उठत, बॉनेटखाली जात आणि ते फेसाळलेलं तेल मलमलीच्या फडक्यातून गाळून परत ब्रेकच्या टाकीत ओतत. आमच्या घरात काहीच फेकत नसत. पुऱ्यांचं तेल गाळून परत कढईत जाई, तोच नेम त्यांनी ब्रेकला लावला होता. म्हणजे सकाळपासून मी तीच हवा बाहेर काढत होते आणि ते तीच परत आत घालत होते. नव्या तेलाचा सीलबंद डबा कपाटात होता. मी खिडकीतून मान काढून, तो डबा फोडायचा का, असं शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

"तो गरजेले ठेवला हाये," ते गाडीखालून म्हणाले. "तू पायाकडे ध्यान दे."

याहून मोठी गरज कोणती, हे विचारायची माझी छाती नव्हती. रडूच येत होतं, पण रडतानाही पाय दाबूनच होता. मुद्दाम उचलून टाकावा, गाडी पडू दे महिनाभर अशीच, असंही एकदा मनात आलं.

दहा वाजून गेल्यावर उजवीकडचं दार उघडलं. सासूबाई होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. एका हातात माझी फाईल, दुसऱ्या हातात माझ्या चपला. त्यांनी मला कोपरानं डावीकडे सरकवलं, माझ्या जागी बसल्या आणि माझ्या पावलावर आपलं पाऊल ठेवलं. खाली निपल उघडीच होती. मी त्यांच्या तळव्याखालून पाय हळूच ओढून घेतला. पेडल हललं नाही.

मग त्या कानाशी म्हणाल्या, "तू आली तवा माहा पाय सुटलता. त्याच्या आंधी वीस वर्षं इथं मीच होती. जाय, बस निंगून जाईन."

माझ्याआधी इथे कोण बसत असेल, हे तीन वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मला लाज वाटली. तरीही मी फाईल आणि चपला हातात घेतल्या. डाव्या दारानं उतरले. गाडीखालून सासऱ्यांचे गुडघ्यापर्यंतचे पाय बाहेर आले होते, त्यांना वळसा घालून अनवाणीच फाटकाकडे निघाले.

मागून "सोड" ऐकू आलं. मग "दाब".

"दाबलं," आत्याबाई म्हणाल्या.

पान्याचा आवाज आला नाही. बाईचा आवाज बदललेला त्यांनी ओळखला असणार. मी फाटकाच्या कडीला हात लावून तशीच उभी राहिले. आता मला हाक येईल, वाटलं.

"धर," सासरे म्हणाले, आणि पाना वाजला.

बस मिळाली. नोकरीही मिळाली, आणि जुलैपासून मी वसाहतीतच खोली घेऊन राहायला लागले. गाडीचे ब्रेक पुढेही मऊ पडत राहिले असणार. सुट्टीत घरी आले की कधीकधी आत्याबाई उजव्या पायानं लंगडताना दिसत. काय झालं, असं मी त्यांना कधी विचारलं नाही.