आधी ठसा वाच

भोयेबाई फोन उचलून कधीच 'हॅलो' म्हणत नसत. रिसीव्हर कानाला लावून त्या गप्प बसायच्या. समोरचा माणूस दोन-तीनदा 'हॅलो, हॅलो' करायचा, गोंधळायचा, लाइन मेली असं समजून फोन ठेवायला जायचा, तेव्हा कुठे बाईंचा आवाज यायचा, "कोन बोलतं?" नाव सांगून भागत नसे. "कोनत्या टेबलावरून? आत्ता तुझ्या बाजूला कोन उभं आहे?" हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा मी खरोखरच मागे वळून पाहिलं होतं. मागे पाण्याची कळशी घेऊन आमच्या ऑफिसातल्या मावशी उभ्या होत्या आणि कान देऊन ऐकत होत्या.

दोन हजार सालानंतरची पहिली पाच-सहा वर्षं. आमची संस्था जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यांवर लहान मुलांच्या आरोग्याचं काम करायची. आरोग्यसेविका पाड्यापाड्यावर जाऊन मुलांची वजनं घेत, कार्डावर लिहीत. ती कार्डं मोखाड्याच्या शाखेत माझ्याकडे यायची. मी टेलिफोनच्या तारेवरून जव्हारच्या मुख्य संगणकाला जोडून घ्यायची आणि एकेक वजन भरायची. या मुख्य संगणकाला आम्ही सर्व्हर म्हणत असू. बाई मात्र त्याला 'घर' म्हणत, आणि त्या घरात कोणी शिरायचं हे त्याच ठरवत.

बाई मूळच्या दाभोशाच्या. घरी भातशेती, घरची बोली वेगळी, त्यामुळे मराठी बोलताना 'ण'चा 'न' व्हायचा. जव्हारच्या जुन्या, हाताने जोडण्या करायच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी अठरा वर्षं काढली होती. गावातलं कोण कोणाशी काय बोलतं, हे त्यांना नको असतानाही ऐकू आलं होतं. आपण ऐकू शकत होतो, म्हणजे कोणीही ऐकू शकतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कायमची बसली. एक्स्चेंज यंत्रावर गेलं, बाई लवकर निवृत्त होऊन संस्थेत आल्या. सर्व्हर बसवायला ठाण्याहून एक इंजिनियर आला होता. तो दोन आठवडे राहिला. तेवढ्यात बाईंनी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं आणि शंभर पानी वहीत मराठीत उतरवलं. जाताना तो म्हणाला म्हणे, "बाई, तुम्ही माझ्यावरही विश्वास ठेवत नाही." बाई म्हणाल्या, "तू गेलास की तुझा पासवर्ड बदलनार आहे. मनाला लावून घेऊ नको."

मला नोकरी लागली त्या आठवड्यात बाई एसटीने मोखाड्याला आल्या, माझी किल्ली बनवायला. मला वाटलं होतं, एखादा पासवर्ड सांगतील. त्यांनी संगणकावर एक रिकामी चौकट उघडली आणि म्हणाल्या, "आता या चौकटीत माउस फिरव. वेड्यासारखा फिरव. कोनाला सांगता येनार नाही असा." मी फिरवत राहिले, वरची पट्टी भरत गेली, आणि माझ्या त्या वेड्यावाकड्या हालचालींतून दोन फायली तयार झाल्या. "ही जाहीर फाईल म्हंजे कुलूप. ते मी घरी नेऊन दाराला लावनार. ते साऱ्या जव्हारने पाहिलं तरी चालेल. आनि ही दुसरी म्हंजे किल्ली. ही या संगनकातून बाहेर जायची नाही. मलासुद्धा द्यायची नाही. मी मागितली, तर समज की बाईच्या डोक्यात काहीतरी काळं आलं." मग किल्लीवर घालायचं परवलीचं वाक्य टाइप करायला सांगून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. झालं म्हटल्यावरही वळल्या नाहीत. "परत एकदा टाइप कर. पाठ झालं का बघ. कागदावर लिहिलंस तर मला कळेल."

सर्व्हरचाही एक ठसा असे, बोटाच्या ठशासारखा. आकडे आणि अक्षरं मिळून सोळा जोड्या. पहिल्यांदा जोडताना पडद्यावर तो ठसा आला, तेव्हा बाई जव्हारला परत गेल्या होत्या. मी तो कागदावर उतरवला, लाइन मोकळी केली, आणि त्यांनी फोनवर मला सोळाच्या सोळा जोड्या वाचायला लावल्या आणि आपल्या वहीशी ताडून पाहिल्या. "तू माझ्या घरात येते आहेस, का घराचा बोर्ड लावलेल्या दुसऱ्याच्या दारात, हे तुला कसं कळायचं? म्हनून आधी ठसा वाच."

वर्षभराने एकदा जोडताना पडद्यावर इशारा आला, सर्व्हरचा ठसा बदलला आहे, पुढे जायचं का? मी 'यस' दाबलं आणि कामाला लागले. संध्याकाळी गप्पांच्या ओघात ते बाईंना सांगितलं. "संगनकाची तार काढ," त्या म्हणाल्या. "आत्ता. भिंतीतून." मी काढली. दुसऱ्या दिवशी कळलं की दुरुस्तीला आलेल्या माणसाने बाईंना न सांगता सर्व्हरची प्रणाली नव्याने बसवली होती. म्हणजे घडलं काहीच नव्हतं. मी जरा फुशारकीने म्हटलं, "बघा बाई, काही नव्हतं." त्या म्हणाल्या, "नव्हतं हे तुला आज कळलं. यस दाबताना कळलं होतं का?" ऑफिसात सगळे त्यांना संशयी म्हणत, काही जण त्याहून वाईट बोलत. मीही हसण्यात सामील होत असे.

आमचे प्रकल्प अधिकारी सरनाईक साहेब जव्हारला बसत. हसतमुख, पाड्यांवर फिरणारे, माझ्याशी मुलीसारखे वागणारे. एका दौऱ्यात ते माझ्या टेबलाशी आले आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून म्हणाले, "वैशाली, तुझी ती किल्लीची फाईल यात दे ग. अहवाल वेळेवर जात नाहीत. भोयेबाईंकडे माझी किल्ली मागितली, तर त्या मला उलट दहा प्रश्न विचारतात." मी फाईल दिली. परवलीचं वाक्यही सांगितलं. साहेब आमचेच, काम आमचंच, त्यात काय एवढं, असं वाटलं. बाईंना मात्र सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचं उत्तर तेव्हाही माझ्याजवळ होतं.

दोन महिन्यांनी, ऐन एप्रिलात, बाईंचा निरोप आला: उद्याच्या पहिल्या गाडीने जव्हारला ये. मी गेले. त्यांच्या टेबलावर नोंदींचे छापील कागद होते. सर्व्हरवर कोण, कधी, कोणत्या किल्लीने आलं, हे त्या रोज सकाळी पेन्सिल घेऊन वाचत, दुसरे लोक पेपर वाचतात तसं.

"बुधवारी दुपारी अडीच वाजता तू घरात आली होतीस?"

"आले असेन," मी म्हटलं.

"सूर्यमाळच्या पोरांची वजनं बदललीस?"

"कार्डावर चूक असेल, दुरुस्त केली असेल."

"तुझी किल्ली दुसऱ्या कुनाकडे आहे?"

"नाही बाई."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बुधवारी मोखाड्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाइट नव्हती. मी तुझ्या ऑफिसातल्या मावशींना फोन करून विचारलं. संगनक कशावर चालवलास, पोरी? चुलीवर?"

मी रडले. सगळं सांगितलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, पण डोळे माझ्यावरून हलवले नाहीत. मी आणखी काही लपवते आहे का, हे त्या बघत होत्या. मला तो अपमान वाटला. आज वाटतं, मी त्याच लायकीची होते. मग कोणाकोणाची कुलपं दाराला आहेत, त्या सर्व्हरवरच्या यादीतून त्यांनी माझ्यादेखत माझी ओळ पुसली. एवढीशी ओळ, एका बोटाने गेली.

"आता वजनं," त्या म्हणाल्या. मूळ कार्डं कपाटात होती. आम्ही दोघींनी ती संगणकाशी ताडून पाहिली. सूर्यमाळच्या पाड्यांवरच्या पाच मुलांचे आकडे वर सरकवले होते. कुणाचं अर्धा किलो, कुणाचं एक. एवढ्यानेही मूल सगळ्यांत वाईट श्रेणीतून वर निघतं. पुढच्या आठवड्यात मदत देणाऱ्या मंडळींची पाहणी होती. आणि दवाखान्यात कोणाला न्यायचं याची यादी निघायची ती कार्डांवरून नव्हे, संगणकातून.

बाईंनी कार्डं एकावर एक रचून कपाटात परत ठेवली. "कोन खरं बोलतं, ते कागदावरून नाही कळायचं. सकाळी काटा घेऊन जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगता वजनकाटा मांडीवर घेऊन आम्ही जीपने सूर्यमाळला गेलो. शेवटच्या पाड्यापर्यंत पायी चढलो. झरा आटला होता, बाया खालच्या डबक्यावरून पाणी आणत होत्या. पाचव्या घरची आई डोक्यावरचा हंडा न उतरवताच आमच्याकडे बघत उभी राहिली. तिची पोर, मंजुळा, दोन वर्षांची, ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. समोर कोंबडी फिरत होती, तरी पोरीची मान तिकडे वळत नव्हती.

"परत कशाला वजन?" आई म्हणाली. "तुमचीच बाई सांगून गेली, दवाखान्याच्या यादीतलं नाव कमी झालं, पोर सुधारली."

"तुला सुधारलेली दिसते का?" बाईंनी विचारलं. पुढचं त्या आपल्या घरच्या बोलीत बोलल्या. मला सगळं कळलं नाही. पण आईने हंडा उतरवला आणि पोरीला उचलून आमच्यापुढे धरलं. काट्यावर जो आकडा आला, तो संगणकातल्या आकड्यापेक्षा तर कमी होताच, कार्डावरच्यापेक्षाही कमी होता. बाईंनी काटा रिकामा करून शून्यावर आहे का पाहिलं, आणि पोरीला पुन्हा टांगलं. आकडा तोच.

त्याच जीपने आम्ही मंजुळाला आणि तिच्या आईला जव्हारच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. उरलेली चार मुलं दुसऱ्या फेरीत आली. मंजुळा तीन आठवडे तिथे होती. घरी जाताना ती आईच्या कडेवरून दवाखान्याच्या मांजराकडे हात करत होती. ते मी पाहिलं आहे.

चौकशीला ठाण्याहून विश्वस्त आले. सरनाईक साहेब शांत होते. "किल्ली वैशालीची. मग काम कोणाचं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी बाईंकडे पाहिलं. त्या माझी बाजू घेतील, असं मला वाटत होतं.

"किल्ली हिचीच," बाई म्हणाल्या. "हिने ती दुसऱ्याला दिली, माझ्याशी खोटं बोलली. दोन्ही मी वहीत लिहिलं आहे." मग त्यांनी घडी केलेला एक कागद उलगडून टेबलावर ठेवला. मला जव्हारला बोलावलं होतं त्या दिवशीही तो त्यांच्याजवळ होता, पण त्यांनी मला दाखवला नव्हता. "ही किल्ली बुधवारी टेलिफोनच्या तारेवरून आलेली नाही. याच इमारतीतल्या संगनकावरून आली. हा त्याचा नंबर. हा संगनक साहेबांच्या खोलीत आहे. त्या खोलीत बुधवारी कोन बसलं होतं, मला ठाऊक नाही. मी पाहिलेलं नाही. साहेब सांगतील."

साहेबांनी काही सांगितलं नाही. त्यांची बदली दुसऱ्या प्रकल्पावर झाली, बढती देऊन. मला लेखी समज मिळाली. महिनाभराने बाईंनी मला पुन्हा नवी किल्ली करू दिली. मी विचारलं, "आता विश्वास आहे ना?" त्या म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही. विश्वासाचं म्हनशील, तर नोंदी मी रोजच वाचनार."

वर्षअखेरीस विश्वस्तांनी ठरवलं की सर्व्हर ठाण्याला न्यायचा आणि बाहेरच्या लोकांकडे सोपवायचा. बाईंची गरज उरली नाही. त्या भांडल्या नाहीत. महिनाभर वही घेऊन त्या नव्या माणसाला सगळं समजावत राहिल्या. तो हसला की थांबायच्या, हसून झालं की तिथूनच पुढे सुरू करायच्या. त्याच्याकडूनही त्यांनी सोळा जोड्या वाचून घेतल्या.

शेवटच्या दिवशी मी जव्हारला गेले होते. सगळं आवरून झाल्यावर बाईंनी आपली खुर्ची मला दिली. "यादीत माझी ओळ आहे. ती काढ."

"तुम्हीच काढा ना बाई. मला नाही जमणार."

"मी काढली, तर खरंच काढली का, का कुठे दुसरी ठेवून गेले, हे तुला कसं कळेल? तू काढ. आनि सगळ्या फायलींत शोध."

मी ओळ काढली. त्यांनी सांगितलं तसं सगळीकडे शोधलं. दुसरी नव्हती. मग बाई पलीकडच्या संगणकाशी बसल्या आणि स्वतःचं परवलीचं वाक्य टाइप करू लागल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. कळांचा आवाज बराच वेळ येत राहिला, वाक्य लांबलचक असावं. मग तो थांबला.

वळून पाहिलं, तर पडद्यावर एकच ओळ होती: प्रवेश नाकारला आहे. बाईंनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माझ्या एखाद्या कामावर त्या इतक्या खूष झालेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या.

"बरोबर केलंस," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून दाभोशाच्या जीपकडे निघाल्या.