प्रिंटरसाठी घेतलेलं मतदान

मी वाचायला शिकले ती बाबांनी लिहिलेल्या पत्रकांवर. त्यामुळे वस्तीतल्या अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स ही सगळ्यांना खुली प्रणाली टाकली, आणि मुलांची परीक्षा संपल्यावर भाषणच ठोकलं: ज्याचा कोड लोकांना वाचता येत नाही, असं एकही सॉफ्टवेअर पॅकेज इथे राहणार नाही! आमच्या अभ्यासिकेत पंखा दुरुस्त करायचा तरी मतदान होतं. ठराव एकमताने पास झाला आणि मी सगळी बंदिस्त पॅकेजेस काढून टाकली.

पुढच्या रविवारी संध्याकाळी वस्तीची सभा होती. अभ्यासिकेचा हॉल लग्नांसाठी भाड्याने द्यायचं काहींच्या मनात होतं. ते थांबवायचं तर माणसं जमायला हवी होती. दुपारी बाबांसह आम्ही काही जण पत्रक छापायला बसलो, तर प्रिंटर ढिम्म. तो चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रामही बंदिस्त, म्हणून सफाईत गेला होता. महाल भागातले छापखाने रविवारचे बंद.

"काहून वं, प्रिंटरले बी तत्त्व शिकवून राहिली का?" अभ्यासिका चालवणारी ताई म्हणाली.

"ड्रायव्हर परत टाकायचा तर नवा ठराव लागेल," मी म्हणाले. "आणि माझा विरोध नोंदवा."

विरोधात मी एकटी. बाबांचाही हात ठरावाच्या बाजूने! "लोकायच्या हातात काही तर देऊ दे ना वं," ते म्हणाले.

हरले, पण कमांड मलाच द्यावी लागली. आणि आता कॉम्प्युटरच ऐकेना. ड्रायव्हरला छपाईच्या एका लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, नवी आवृत्ती हवी होती. इथे होती जुनी, आणि अपडेट करूनही ती जागची हलत नव्हती.

"घे, यानं बी विरोध नोंदवला," ताई म्हणाली.

मी रागाने तीच कमांड पुन्हा पुन्हा मारत होते. बाबांनी चष्मा पुसला. "त्यानं काय लिहिलं ते पुरं वाच ना आधी."

वाचलं. ती लायब्ररी 'होल्ड'वर होती, म्हणजे अपडेटने तिला हात लावू नये अशी खूण होती. खूण माझीच! परीक्षा संपेपर्यंत छपाईत काही बदल करायचा नाही, असा ताईचाच ठराव होता. परीक्षा संपली, ठराव मागे घ्यायचं सगळेच विसरलो.

"मंग उठवा!" ताईने स्वतःच दोन्ही हात वर केले.

होल्ड काढला, लायब्ररी अपडेट झाली, ड्रायव्हर बसला. प्रिंटर खरखरला आणि आम्ही गरम कागद घेऊन उन्हात गल्लोगल्ली पळालो.

संध्याकाळी हॉल भरून लोक दारात उभे राहिले. भाड्याची गोष्ट काढायची कोणाची हिंमत झाली नाही. मी मागच्या खुर्चीत बसून मोबाईलवर त्या प्रिंटरसाठी खुला ड्रायव्हर शोधत होते.