कंट्रोलचा हंडा

किस्से म्हणजे किटलीत बसणारी क्षारांची खर. रोज थोडी थोडी बसते, कळतही नाही. एक दिवस झाकण उघडावं तर किटली भरलेली!

कुवेतमधली माझी किटली भरली ती सत्तावन्न साली, जगभर फ्लूची साथ आली तेव्हा. दस्मानच्या किनाऱ्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची लॅब होती. समुद्राचं पाणी उकळून गोडं पाणी करायचं, पण भांड्याला आतून खर धरायची. ती धरू नये म्हणून पुण्याच्या केळकरसाहेबांनी एक पावडर शोधली होती. मी जाळ बघायचो, दाऊदचाचा स्वयंपाक करायचा. आम्ही दोघेही रत्नागिरीकडचे.

एक कुवेती शेठ पावडर विकत घेणार होता. त्यानं नाही म्हटलं तर शेडला कुलूप आणि आम्ही मुंबईच्या बोटीत!

*

तांब्याचे दोन हंडे चुलीवर असत. एकात पावडर, दुसऱ्यात नुसतं पाणी. साहेब म्हणाले, "हा दुसरा कंट्रोल. तुलनेसाठी, ह्यात काही घालायचं नाही."

दाऊदचाचा कपाळाला हात लावून म्हणाला, "रेशनच्या दुकानातल्या कंट्रोल-भावाच्या तांदळाला कंटाळून मी दर्या ओलांडला. आता हितं पाण्याला पण कंट्रोल?"

*

साथ सुरू झाली आणि आमच्या पावडरचा माल आणणारं जहाज बंदराबाहेरच अडवलं. वर साथीचा पिवळा बावटा! साहेब रोज दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर. "दिसतंय रे जहाज, पण माल मिळत नाही!"

चाचा म्हणाला, "साहेब, ईदचा चांद बरा. दिसला की शिरखुर्मा तरी मिळतो!"

*

दवाखान्यात थर्मामीटर कमी पडले म्हणून साहेबांनी लॅबमधला पुसून चाचाच्या काखेत घातला. तो सेंटिग्रेडचा. साहेब ओरडले, "अडतीस!"

चाचा आडवाच झाला. "अठ्ठ्याण्णव असतो माणूस. अडतीस म्हणजे मी गार पडलो! घरी तार करा!"

संध्याकाळी त्याच गार माणसानं उठून सगळ्यांना पेज करून घातली.

*

मग साहेबच पडले. लॅबमधले बाकीचे आधीच खाटेवर. उभे फक्त चाचा आणि मी. साहेब तापात खिडकीतून हाका मारायचे, "जाळ विझू देऊ नका! आणि दाऊदमियाँ, कंट्रोलमध्ये काही घालायचं नाही! शपथ आहे!"

"नाय घालनार, साहेब! निजा तुमी!"

मी जाळ सोडला नाही. चाचाने शपथ सोडली नाही.

*

अखेर शेठ आला. साहेब भिंत धरून उभे. शेठनं तरुणपणी मुंबईत खजुराचा व्यापार केलेला, त्यामुळे हिंदी आपल्यासारखं बोलायचा.

साहेबांनी पावडरचा हंडा उघडला. आतून लख्ख! शेठ म्हणाला, "वाह!"

साहेबांच्या तोंडावर तेज आलं. "आता हा बघा, ज्यात पावडर नाही. हा कंट्रोल!" आणि झाकण काढलं.

आत बोटभर खर हवी होती. पण हंडा असा झळकत होता की शेठनं त्यात बघून मिशी नीट केली!

साहेब मटकन स्टुलावर बसले. "दाऊदमियाँ! काय घातलंत ह्यात?"

"काय पन घातला नाय, साहेब. घासला! घरच्या आमसुलानं. पावना येनार नि भांडा असा ठेवायचा? लाज नाय?"

शेठला हे मराठी कुठलं कळायला! शेठ एकदा ह्या हंड्यात वाकला, एकदा त्या हंड्यात. मग आपल्या मुनीमाकडे वळला.

"दोनों लिखो. पाउडर भी, कंट्रोल भी." आणि साहेबांना विचारलं, "ये कंट्रोल किस भाव से दोगे?"

साहेबांचं तोंड उघडायच्या आत चाचा पुढे झाला.

"कंट्रोल के भाव से, सेठ!"